गोदाकाठची ओवी आणि बायबल

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत झरी हे मोठे गाव लागते. नकाशावर झरी मध्यावर धरून भोवतीचा मुलूख पाहिला, तर मराठी भक्तिपरंपरेतली कितीतरी ठिकाणे हाताशी येतात. दक्षिणेला गोदावरीकाठी गंगाखेड, म्हणजे जनाबाईंचे गाव. पूर्वेच्या अंगाला औंढा नागनाथ; विसोबा खेचरांनी नामदेवांना तिथेच उपदेश केला, अशी परंपरेची कथा. त्याच्या पलीकडे नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे नरसी. पश्चिमेला दूरवर एकनाथांचे पैठण आणि अलीकडे जालना. या जालन्याजवळ १८७० च्या आसपास नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठी एक गाव वसवले आणि त्याला बायबलमधले नाव दिले, बेथेल. एकाच खोऱ्यातल्या या गावांची नावे एका दमात घेतली जात नाहीत. संतांची गावे ‘आपली’ आणि बेथेल ‘बाहेरून आलेले’, असा हिशेब आपल्या मनात पक्का असतो. मराठी ख्रिस्ती माणूस जेव्हा येशूवर अभंग रचतो, ओवीत बायबल सांगतो, टाळ-मृदंगावर कीर्तन करतो, तेव्हा त्याच्यावर दोन्हीकडून आक्षेप येतो. एक बाजू म्हणते, हा परक्या धर्माने घेतलेला देशी वेश आहे, लोकांना भुलवण्यासाठी. दुसरी बाजू म्हणते, ही शुद्ध धर्मात झालेली भेसळ आहे. हे दोन्ही आक्षेप एकाच समजुतीवर उभे आहेत. कोणत्याही संस्कृतीचा हात न लागलेले, मुळातले शुद्ध बायबल कधीतरी, कुठेतरी होते, अशी ती समजूत. इतिहास या समजुतीला आधार देत नाही. बायबल ज्या रीतीने घडले, त्याच रीतीने ते मराठीत उतरले.

सुरुवात बेथेलपासूनच करावी. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घर सोडून परागंदा होतो, रात्री उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो आणि स्वर्गाला टेकलेल्या शिडीचे स्वप्न पाहतो. सकाळी उठून तो काय करतो? तोच दगड उभा करतो आणि त्याच्या माथ्यावर तेल ओततो. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या माणसाला या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. उभ्या दगडांची पूजा कनान देशात इस्राएली लोकांच्या आधीपासून चालत होती. तिथल्या उत्खननांत असे दगड ठिकठिकाणी सापडले आहेत. याकोबाच्या कथेने ती स्थानिक रीत सहज आपलीशी केली. पुढे अनुवादाच्या पुस्तकात मात्र असे दगड उभारण्याला स्पष्ट मनाई आली. राजांच्या इतिहासात तर याच बेथेलमध्ये यराबाम राजाने सोन्याचे वासरू बसवले म्हणून त्याचा धिक्कार आहे. म्हणजे एकाच ग्रंथात एक लोकाचार पवित्र ठरतो, नंतर संशयास्पद ठरतो आणि शेवटी त्याज्य ठरतो. भोवतालच्या चालीरीतींतले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, हा वाद बायबलच्या पानापानांत चाललेला आहे. मिशनऱ्यांनी तो महाराष्ट्रात आणला नाही. तो ग्रंथाबरोबरच आला.

हे देणेघेणे किती खोल होते, याचा पुरावा एकोणिसाव्या शतकात हाती आला. ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ यांनी निनवे इथे सापडलेल्या मातीच्या विटांवरचा मजकूर वाचून दाखवला. गिल्गमेशच्या महाकाव्यातल्या त्या भागात महापुराची कथा होती. देवाकडून मिळालेली सूचना, बांधलेली नौका, आत घेतलेली जनावरे, डोंगरावर टेकलेली नौका आणि पाणी ओसरले का ते पाहायला सोडलेले पक्षी. तिथे कबुतर, मग पाकोळी, मग डोमकावळा. नोहाच्या गोष्टीत आधी डोमकावळा, मग कबुतर. इतके बारीक तपशील जुळतात तेव्हा योगायोगाची सबब टिकत नाही, आणि मेसोपोटेमियातली कथा कितीतरी जुनी आहे. परंतु जे जुळत नाही तेही तितकेच बोलके आहे. बाबिलोनच्या अत्रहासिस या दुसऱ्या काव्यात देव पूर आणतात तो माणसांच्या गलबल्याने झोपमोड होते म्हणून. उत्पत्तीत पुराचे कारण माणसाची हिंसा आणि भ्रष्टाचार हे आहे. कथा शेजारच्यांची, तिच्यातला नैतिक प्रश्न स्वतःचा. नीतिसूत्रांच्या पुस्तकातल्या बाविसाव्या अध्यायापासूनचा एक भाग इजिप्तच्या अमेनेमोपे या लेखकाच्या बोधवचनांशी असाच जुळतो, हे १९२० च्या दशकात अभ्यासकांच्या ध्यानात आले. गरिबाला लुबाडू नका, शेताची जुनी हद्द सरकवू नका, तापट माणसाची सोबत धरू नका, हा उपदेश नाईल नदीकाठच्या कारकुनांच्या शाळेतून यरुशलेमला पोहोचला आणि शास्त्राचा भाग झाला. बांधाच्या वादात आयुष्य घालवणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही तो परका वाटू नये.

इथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एकीने दुसरीकडून उचलले, असे म्हणता येत नाही. संपर्काचा पुरावा लागतो, काळाचा क्रम लागतो, आणि तपशील नेमके जुळावे लागतात. इसवीसनपूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, तिथली वरच्या थरातली माणसे बाबिलोनला नेली गेली. ५३९ मध्ये इराणच्या कुरुश राजाने बाबिलोन जिंकले आणि त्यांना परतीची मुभा मिळाली. यशयाच्या पुस्तकात या परधर्मी राजाला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, ही गोष्ट लहान नव्हे. त्यानंतर दोन शतके यहुदी समाज इराणी सत्तेखाली राहिला. देवदूतांची उतरंड, सैतान हा स्वतंत्र विरोधक, मृतांचे पुनरुत्थान आणि शेवटचा न्याय या कल्पना ठळक होतात त्या नंतरच्या लिखाणात. झरथुष्ट्राच्या धर्मात त्या सगळ्या आहेत. संपर्क निर्विवाद आहे. पण पारशी ग्रंथ आजच्या रूपात लिहिले गेले ते बरेच उशिरा, म्हणून नेमके किती घेतले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मग अलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला तेव्हा वाचकांच्या हाती जुना करार याच भाषांतराच्या रूपाने होता. प्रेषितांच्या कृत्यांत पौल अथेन्सच्या लोकांपुढे उभा राहतो तेव्हा मोशेची साक्ष काढत बसत नाही. त्यांच्याच ग्रीक कवींचा दाखला देतो. समोरच्याच्या काव्यातून त्याच्याशी बोलण्याची ही रीत ख्रिस्ती शास्त्रातच नमूद आहे.

यावर भाविकाचा एक रास्त आक्षेप येतो. ग्रंथ असा जोडत जोडत तयार झाला असेल, तर त्याच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? मराठी वाचकाला याचे उत्तर ‘लीळाचरित्रा’च्या इतिहासात सापडते. चक्रधर स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या. कोण कुठे होते, कोणी काय ऐकले, हे विचारून त्या लिहून काढल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली. त्यामुळे तिचे वेगवेगळे पाठ झाले. म्हणून चक्रधर काल्पनिक ठरले नाहीत. उलट अभ्यासक पाठांतल्या फरकांवरून कोणत्या परंपरेने काय जपले ते ओळखतात. शुभवर्तमानांची घडण याच जातीची आहे. येशूला क्रूसावर चढवल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी मार्कचे शुभवर्तमान आकाराला आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथवण्याचा प्रसंग पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशूच्या शेवटच्या दिवसांत येतो, तर योहानाने तो आरंभीच घातला आहे. कोणत्या समुदायाने तो कशासाठी सांगितला, यावर त्याची जागा ठरली. स्मरण करणारा समाज स्मरणाला आकार देतो. सातशे वर्षांपूर्वीची पोथी जपणाऱ्या प्रदेशाला हे नव्याने शिकवायला नको.

आता ओवीकडे वळू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याच काळात इकडे पैठणला एकनाथ होते. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून सिद्ध केली आणि १५९९ मध्ये समाधी घेतली. म्हणजे एकनाथांची शेवटची वीस वर्षे आणि स्टीफन्सची गोव्यातली पहिली वीस वर्षे एकच आहेत. स्टीफन्सने साष्टीत राहून लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पहिल्या पुराणात जगाच्या निर्मितीपासून येशूच्या जन्माआधीपर्यंतची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. दोन्ही मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा, ही ज्ञानेश्वरांच्या वाटेने आलेली ग्रंथओवी त्याने इतकी आत्मसात केली की मोठ्याने वाचताना श्वास कुठे घ्यायचा तेही ती सांगते. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला तो कचरला नाही. ग्रंथाची मांडणीही पुराणाची आहे. देवाला वंदन, भाषेची थोरवी, मग श्रोत्याची पृच्छा आणि वक्त्याचे उत्तर. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणे तर बंद झाली, मग त्या जागी आम्ही वाचायचे काय? ही पृच्छा ग्रंथाच्या जन्माचे कारण म्हणून आलेली आहे. श्रवणाची सवय असलेल्या समाजाने आपल्या सवयीचा ग्रंथ मागितला आणि लेखकाला तो त्या रूपात द्यावा लागला, असा याचा अर्थ.

या ठिकाणी सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. पुराणे बंद झाली ती आपोआप नाही. बंद केली गेली. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले आणि पोर्तुगीज सत्तेने त्याचा निर्घृण सूड उगवला. जेझुइटांनी मराठी पोथ्या मिळवल्या त्यांतल्या काहींमागे लुटीचा इतिहास आहे. रामायण-महाभारतातल्या आख्यानांच्या त्यांनी करवून घेतलेल्या नकला आज पोर्तुगालमध्ये ब्रागा इथल्या ग्रंथालयात आहेत. एका हाताने पुराण हिरावून दुसऱ्या हाताने पुराण देणे याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणावे काय? हा आक्षेप खोटा नाही आणि तो सौम्य करून सांगण्याचे कारणही नाही. ज्याच्या हाती तलवार होती त्याने छंद निवडला, हे खरे आहे. परंतु त्या छंदाचे पुढे काय झाले, हाही पुरावाच आहे. १६५४ नंतर अडीच शतके हा ग्रंथ छापला गेला नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज सरकारने देशी भाषेचा वापर बंद करण्याचाच हुकूम काढला. तरीही ख्रिस्तपुराण टिकले, कारण कुटुंबांनी ते हाताने उतरवून ठेवले. गोवा सोडून कानडा किनाऱ्यावर गेलेल्या घराण्यांनी पोथ्या बरोबर नेल्या, आणि अशाच हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. सत्तेने ज्या भाषेवर बंदी घातली त्या भाषेतला ग्रंथ अडीच शतके लोकांनी जपला, तर तो केवळ सत्तेचा डावपेच राहत नाही. सुरुवात कोणाची होती आणि मालकी शेवटी कोणाकडे गेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

डावपेचाच्या आक्षेपाला आणखी एक उत्तर आहे आणि ते ख्रिस्ती मंडळींकडून नव्हे, कुलाब्याच्या किनाऱ्यावरून येते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, पुढे अहमदनगरला त्यांचे मोठे केंद्र झाले, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले. उपासनेत आरंभी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीतेच असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या देशी उपदेशकांनी कीर्तन हाती घेतले. नमन, निरूपणासाठी पद, पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात उधळ्या पुत्राची किंवा योसेफाची गोष्ट, शेवटी आरती, असा सगळा थाट. याला कोणी प्रचाराचे तंत्र म्हणेल. पण १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएल समाजातही कीर्तने होऊ लागली. कोकणात तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे हे मराठी यहुदी अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने टाळ-झांजांच्या साथीने सांगू लागले. यहुदी लोक इतरांना आपल्या धर्मात ओढत नाहीत. त्यांना कोणाला भुलवायचे नव्हते. आपल्याच मुलाबाळांना आपलेच शास्त्र समजावे म्हणून त्यांना कीर्तन लागले. मराठी कानाला शास्त्र या रीतीने पोहोचते, एवढेच त्यामागचे कारण. जुना करार हा ज्यांचा स्वतःचा वारसा, त्यांनी जे केले तेच ख्रिस्ती मराठी माणसाने केले तर त्यात कपट शोधण्याची गरज उरत नाही.

परंतु घाट बदलला की आशयाला धक्का लागतच नाही, असे म्हणणेही खोटेपणाचे होईल. तो लागतो, आणि तिथेच या इतिहासाची खरी श्रीमंती आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. ‘अभंगांजली’त ते येशूला गुरू म्हणतात आणि आई म्हणतात. युरोपातल्या धर्मशास्त्रात देव हा पिता; त्या पित्याचा पुत्र येशू. त्याला माऊली म्हणून साद घालणे हे तिथल्या सर्वसाधारण भक्ताला सुचणारे नव्हते. मराठीत ते सहज सुचते, कारण इथे विठ्ठल विठाई होतो, ज्ञानेश्वर माऊली होतात. गंगाखेडहून पंढरपूरला नामदेवांच्या घरी आलेली जनाबाई दळताना, कांडताना देवाशी बोलते ती लेकीच्या हक्काने. जात्यावर बसलेल्या बायकांनी हीच जवळीक आपल्या ओव्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपली. टिळकांचा ख्रिस्त या ओघातून आलेला आहे. मग ही भेसळ झाली काय? बायबल उघडून पाहावे. यशयाच्या शेवटच्या अध्यायात देव आईप्रमाणे सांत्वन करण्याचे वचन देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात यरुशलेमकडे पाहून येशू स्वतःला पिलांना पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. ही वचने ग्रंथात होतीच, पण पाश्चात्त्य परंपरेत ती फारशी पुढे आली नाहीत. मराठी भक्तीच्या डोळ्यांनी वाचताना ती ठळक झाली. संस्कृतीचा प्रभाव ग्रंथात नसलेले घुसडतो, एवढेच आपण धरून चालतो. ग्रंथात असलेले पण दुर्लक्षित राहिलेले काही तो उजेडातही आणतो.

तिसरा आक्षेप घरातलाच आहे आणि तो मराठवाड्याला जास्त लागू पडतो. नारायण शेषाद्री स्वतः ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निजामी मुलखात जालन्याला त्यांनी काम सुरू केले तेव्हा त्यांच्याकडे आलेली माणसे मुख्यतः मांग आणि महार समाजाची होती. सालारजंग दिवाण असताना सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल उभे राहिले. ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्यांना स्वतःची विहीर, स्वतःची शाळा आणि स्वतःचे देऊळ असलेले गाव मिळाले. या माणसांनी वैकुंठाची आणि पुराणांची भाषा कशाला ओढवून घ्यायची? वारकरी परंपरेत चोखामेळा आहेत हे खरे, पण ते महाद्वाराबाहेरच राहिले. अभंगाने त्यांना आवाज दिला, दाराच्या आत नेले नाही. पंडिता रमाबाईंनी हा धोका ओळखला होता. पुराणिक बापाची ही मुलगी लहानपणी गावोगाव पुराणे सांगत हिंडली होती. त्या संस्कृतप्रचुर भाषेत काय काय वाहून येते, हे तिच्याइतके कोणाला कळणार? म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर करताना त्यांनी हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द कटाक्षाने टाळले आणि खेड्यातल्या बायकांना कळेल अशी साधी बोली धरली. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. स्टीफन्स आणि टिळक यांच्या वाटेला दिलेला हा खणखणीत नकार आहे, असे दिसते. बारकाईने पाहिले तर तीही याच मातीतून केलेली निवड आहे. रमाबाईंनी पोथीची मराठी नाकारली आणि जात्याची, चुलीपुढची मराठी स्वीकारली. शास्त्र बाईच्या बोलीत आणायचे, ही निवड चक्रधरांच्या अनुयायांनीही केली होती. कोणत्याच मराठीचा आधार न घेता मराठीत बायबल आणणे रमाबाईंनाही शक्य नव्हते. प्रश्न उरतो तो संस्कृतीतल्या कोणत्या थराचा हात धरायचा, हाच. आणि तिथे जातीचा प्रश्न टाळता येत नाही.

प्रभावाचा विचार करताना दिशा उलटी धरण्याचा मोहही अनेकांना झाला. भक्ती ही मुळात ख्रिस्ती धर्माची देणगी, असे एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय पंडित म्हणत. १९०७ मध्ये ग्रीअर्सन यांनी आधुनिक हिंदू धर्म नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांचा ऋणी आहे, अशी मांडणी केली. सहाव्या शतकात कल्याणला ख्रिस्ती समाज आणि बिशप असल्याची नोंद कॉस्मस या प्रवाशाने केली आहे, त्यामुळे संपर्क नव्हता असे नाही. पण काळाचा क्रम पाहा. बेसनगरला हेलिओडोरस या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारलेला गरुडस्तंभ इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात संकर्षण आणि वासुदेव यांची नावे आहेत, आणि तोही येशूच्या जन्मापूर्वीचा. पैठणच्या राज्यकर्त्यांचा शिलालेखच या सिद्धान्ताला आडवा येतो. जी कसोटी गिल्गमेशला लावली तीच इथे लावली पाहिजे. आपल्या सोयीप्रमाणे ती बदलता येत नाही. त्या काळातल्या सगळ्याच मिशनऱ्यांची नजर अशी नव्हती, हेही सांगायला हवे. निकोल मॅकनिकोल यांनी १९१९ मध्ये संतांच्या १०८ रचनांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. जस्टिन अ‍ॅबट यांनी महिपतींची संतचरित्रे इंग्रजीत नेली, आणि ख्रिस्तपुराणाच्या लंडनमधल्या देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले तेही त्यांनीच. एकनाथ आणि स्टीफन्स हे एकाच परंपरेचे कवी आहेत, हे बहुधा त्यांना आपल्या वाङ्मयेतिहासकारांपेक्षा आधी दिसले असावे.

सगळेच उसने असेल तर मग वेगळेपण कुठे राहिले, असे कोणी विचारेल. ते काय घेतले नाही यात दिसते. उत्पत्तीच्या लेखकाने पूर घेतला, झोपमोड झालेले देव घेतले नाहीत. स्टीफन्सने ओवी घेतली, वैकुंठही घेतले, पण जन्ममरणाचा फेरा घेतला नाही. त्याच्या ग्रंथात माणसाला एकच जन्म आणि शेवटी एकच न्याय. टिळकांनी माऊली घेतली, मूर्ती घेतली नाही. धर्म आपली ओळख भिंत बांधून राखत नाही. घेण्या-टाकण्याच्या अशा निवडीतून राखतो, आणि ती निवड प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते. तेव्हा मराठी ख्रिस्ती परंपरेकडे देशी वेशातला परदेशी किंवा बिघडलेला ख्रिस्ती म्हणून पाहणे सोडून दिले पाहिजे. वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्तपुराणाला ‘ख्रिस्ती वाङ्मय’ अशा वेगळ्या प्रकरणात बसवतात, तिथून उचलून ते एकनाथी भागवताच्या शेजारी ठेवावे. मराठवाड्याचा सामाजिक इतिहास लिहिताना गंगाखेड आणि नरसीबरोबर बेथेलचाही विचार करावा. झरीच्या परिसरातल्या शाळेतल्या मुलांना जनाबाई शिकवताना, तिच्या वाटेने पुढे कोण कोण चालले हे सांगितले, तर त्यात टिळकांचे नाव येणे अपरिहार्य आहे. तसे झाल्याने वारकरी परंपरेचे काही उणे होणार नाही. तिचा पल्ला आपण मानत आलो त्याहून मोठा होता, एवढेच त्यातून सिद्ध होईल.